ठोकळा पालथा घातला तर?

अलेक्सी पाजितनोव्हने १९८४ साली मॉस्कोत टेट्रिस रचला, तेव्हा ठोकळे पडद्यावर वरून खाली यायचे. पाच वर्षांनी अलेक्सांडर उस्ताशेव्स्की आणि मिरोस्वाव्ह झाब्वोत्स्की या दोघा पोलिश मंडळींनी खेळाडूला थेट खड्ड्याच्या काठावर आणून उभं केलं. खेळाचं नाव 'ब्लॉकआउट'. इथे ठोकळा आपल्यापासून लांब, तळाकडे जातो. तोही नुसत्या रेघांचा, आरपार दिसणारा. भरीव असता तर खालचं काही दिसलंच नसतं. तळाशी साचलेल्या प्रत्येक थराचा रंग वेगळा, खोली ओळखायची ती त्यावरून.

ओळ नव्हे, अख्खा थर भरायचा. पाच बाय पाचच्या खड्ड्यात थराची घरं २५. चार-चार घनांचेच तुकडे आले तर सहा तुकड्यांत २४ भरतात, एक उरतंच. म्हणजे कुठला तरी तुकडा वरच्या थरात डोकं काढणार!

खरी गंमत मात्र आकारांत आहे. टेट्रिसमधले 'एल' आणि 'जे' एकमेकांची आरशातली रूपं. पडद्यावर कितीही फिरवा, एकाचा दुसरा होत नाही. आता कागदाचा एल कापा, टेबलावरून उचला आणि पालथा घाला. झाला की जे! तिसरी मिती मिळाली आणि भेद मिटला. 'एस' आणि 'झेड'चंही तेच, त्यामुळे टेट्रिसच्या सात आकारांचे इथे पाचच उरतात. मग सपाटीवर मावतच नाहीत असे तीन नवे येतात: एक कोपऱ्यातून तीन दिशांना फुटलेला आणि दोन पिळाचे. हे पिळाचे दोघे म्हणजे डाव्या-उजव्या पायांतल्या चपला. कसेही उलटेपालटे करा, एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. त्यांना एक करायला चौथी मितीच हवी.

टेट्रिसमधला एल चार प्रकारे बसतो, खड्ड्यातला २४. हे सगळं डोक्यात फिरवायचं, आणि डोकं ते खरोखरच फिरवतं. १९७१ साली रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी घनांच्या आकृत्यांच्या जोड्या लोकांना दाखवून 'आकार एकच का?' असं विचारलं. दोन आकृत्यांमधला कोन जितका मोठा, तितकं उत्तर उशिरा आलं. वेग साधारण सेकंदाला ६० अंश. म्हणजे उलटा आकार सुलटा करायला तीन सेकंद. वरच्या पातळीवर ब्लॉकआउट तेवढी उसंत देत नाही.