डिस्क तीनशेवर ‘अडकलेली’ नाही!

महिन्यातून एकदा तरी कुणीतरी मला स्क्रीनचा फोटो पाठवतं. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलेलं असतं, ‘ट्रान्सफर मोड’पुढे साटा/३०० आणि साटा/६०० असे दोन आकडे असतात आणि पहिल्याभोवती लाल गोल. गेल्या आठवड्यात भाच्याचा आला. खाली लिहिलेलं, ‘मामा, डिस्क तीनशेवर अडकलीय. म्हणूनच पीसी रखडतोय ना?’ हे विचारायच्या आधीच ‘सहा जीबीची’ नवी केबल आणून झाली होती, आणि दुकानदार आता मदरबोर्ड बदला म्हणत होता.

नाही रे बाबा. फिरती हार्ड डिस्क तीनशेवर चालली काय नि सहाशेवर चालली काय, तुला कळणारसुद्धा नाही.

त्या दोन आकड्यांपैकी पहिला म्हणजे पोर्ट आणि डिस्क यांच्यात आत्ता ठरलेला वेग, दुसरा म्हणजे डिस्कच्या जोडणीला झेपणारा कमाल वेग. साटा या जोडणीचे वेग तीन: दीड, तीन आणि सहा गिगाबिट. आठ बिट माहिती पाठवायला तारेवरून दहा बिट जातात, म्हणून सेकंदाला मेगाबाइट होतात १५०, ३०० आणि ६००. ही झाली तारेची ऐपत. डिस्कची ऐपत वेगळी. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी घरगुती डिस्क बाहेरच्या कडेला साधारण दीडशे ते अडीचशे मेगाबाइट देते, आतल्या कडेला त्याच्या जवळपास निम्मे. म्हणजे तीनशेचा पाइपही तिच्याच्यानं भरत नाही. नळाला बारीक धार असेल तर चार इंची पाइप टाकून बादली लवकर भरते का?

आणि हा अडीचशेचा आकडासुद्धा सलग मोठी फाइल वाचतानाचा. विंडोज सुरू होताना डिस्क हजारो बारक्या फाइली इथून तिथून गोळा करते. ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कला एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी चार. हेड योग्य ट्रॅकवर न्यायला आणखी आठ-नऊ. असे सेकंदाला जेमतेम ऐंशी हेलपाटे होतात. दर हेलपाट्याला चार किलोबाइट उचलले, तर सेकंदाला सव्वातीनशे किलोबाइट. मेगाबाइट नव्हे, किलोबाइट! पीसी रखडतो तो इथे. पोर्ट बदलून हेड जोरात धावू लागत नाही.

मग हा समज आला कुठून? तो एके काळी खरा होता. रुंद पट्टीच्या आयडीई केबलच्या जमान्यात विंडोज एक्सपी डिस्कला खरोखर रांगायला लावत असे. मायक्रोसॉफ्टच्याच मदत-लेखात हे नोंदलेलं आहे: टाइम-आउट किंवा सीआरसीच्या (माहिती वाटेत बिघडल्याच्या) एकूण सहा चुका झाल्या की एक्सपी वेग एक पायरी खाली आणतं, आणि चुका होतच राहिल्या तर शेवटी पीआयओ मोडवर नेऊन ठेवतं. पीआयओचा सर्वांत वरचा नेहमीचा मोड १६.६ मेगाबाइटचा, त्यात प्रत्येक बाइट प्रोसेसरनं हातानं उचलायचा. गाणं अडखळायचं, माउस उड्या मारायचा. तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमधून तो आयडीई चॅनेल काढून टाकून पीसी रीस्टार्ट करणं हा रामबाण उपाय होता. आयडीई गेली, एक्सपी गेलं, सल्ला तेवढा उरला.

तरीही त्या आकड्याकडे बघूच नये असं नाही. फोटो पाठवणाऱ्याला मी एकच विचारतो: आकडा किती ते राहू दे, तो आधीही एवढाच होता का? पोर्टच तीन गिगाबिटचा असेल तर ३०० दिसणारच, त्यात बिघाड कसला? पण सहाशेवर चालणारी डिस्क आपोआप तीनशेवर किंवा दीडशेवर उतरली, तर तारेवर माहिती खराब होतेय. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्या ‘स्मार्ट’च्या यादीत सी७, म्हणजे १९९ क्रमांकाची सीआरसी चुकांची नोंद असते ती बघा. आकडा वाढत असेल तर केबल दोन्ही टोकांना नीट बसवा, नाहीतर बदला. जुना आकडा शून्यावर येत नाही, त्यामुळे केबल बदलल्यावर तो तिथेच थांबतो का, एवढंच पाहायचं. लिनक्सवाल्यांना कर्नलच्या नोंदींतच ‘लिमिटिंग साटा लिंक स्पीड’ असं लिहिलेलं सापडेल.

बाकीचे समज एकेका ओळीत.

‘सहा गिगाबिटला वेगळी केबल लागते.’ साटाचं मानक ठरवणारी साटा-आयओ हीच संस्था सांगते की जुन्याच केबल चालतात. त्या चांगल्या प्रतीच्या आणि एक मीटरच्या आतल्या असाव्यात, बस्स.

‘फॉरमॅट केलं की मोड सुधारतो.’ वेग ठरवतात पोर्ट आणि डिस्क. डिस्कवर काय लिहिलंय याच्याशी त्यांना घेणंदेणं नाही.

‘बायोसमध्ये एएचसीआय केलं की वेग दुप्पट.’ एएचसीआयमुळे डिस्कला आलेली कामं सोयीच्या क्रमानं लावता येतात. तारेचा वेग तोच राहतो. आयडीई मोडमध्ये टाकलेल्या विंडोज ७ वर तयारी न करता हा बदल केलात, तर निळा स्क्रीन मात्र हमखास दिसेल.

‘डिस्कवरचा जंपर मास्टर-स्लेव्हचा.’ साटात मास्टर-स्लेव्ह नाहीतच. जुन्या काही डिस्कवर दीड गिगाबिटची मर्यादा घालणारा जंपर असे, कारण व्हीआयएच्या काही चिपना तीन गिगाबिटच्या डिस्कशी जुळवून घेता येत नसे. तो काढला की झालं.

‘बोर्डावरचे सगळे पोर्ट सारखेच.’ २०११ च्या इंटेल ६ मालिकेच्या चिपसेटमध्ये सहा गिगाबिटचे पोर्ट जास्तीत जास्त दोनच, बाकीचे तीनचे. त्या तीनच्याच पोर्टांत कालांतरानं बिघडण्याचा दोष निघाला, आणि ३१ जानेवारी २०११ ला इंटेलनं तो स्वतः जाहीर केला.

‘तीन गिगाबिटच्या पोर्टावर एसएसडी लावणं म्हणजे पैसे पाण्यात.’ साटाची चांगली एसएसडी साडेपाचशेपर्यंत जाते, ती इथे तीनशेच्या आतच राहील हे खरं. पण तिच्यात फिरायला तबकडी नाही की धावायला हेड नाही. हेलपाटेच संपले, आणि रखडणं होतं ते हेलपाट्यांचं.

भाच्याच्या बोर्डावर सगळेच पोर्ट तीन गिगाबिटचे निघाले, सीआरसीची नोंद शून्य. बोर्ड बदलायचा बेत सोडून त्यानं त्याच पोर्टावर एसएसडी लावली. तिच्या ट्रान्सफर मोडपुढे आजही साटा/३००च आहे. लाल गोल मात्र पुन्हा आलेला नाही.