वाहिनीला चिकटून आलेलं

जुलाबावर मिळणारी लोपेरामाइडची गोळी अफूच्या कुळातली. तरी नेहमीच्या मात्रेत ती घेऊन कुणाला अफूसारखी झिंग येत नाही. रक्तातून ती मेंदूच्या केशवाहिन्यांपर्यंत पोचते, आणि तिथल्या भिंतीतला पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप तिला परत रक्तात ढकलतो. या पंपाचं जनुक, एबीसीबी-१, किती जोरात चालू आहे हे मोजायचं तर वाहिन्या मेंदूतून सुट्या काढाव्या लागतात. सबंध मेंदू वाटून मोजला तर चेतापेशींच्या आणि त्यांच्या सोबतिणींच्या (ॲस्ट्रोसाइट वगैरे पेशींच्या) आरएनएत वाहिन्यांचा वाटा हरवून जातो.

हात बसावा म्हणून आम्ही बोकडाचा मेंदू घेतो. कोल्हारला खाटकाकडे सकाळी लवकर जायचं, "भेजा अख्खा पाहिजे दादा, आणि लगेच," म्हणायचं आणि बर्फाचा डबा पुढे करायचा. नवरात्रात गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा ते दिवस आम्ही आकडेमोडीला ठेवतो. "लगेच"ची घाई भेजा लवकर बर्फात पडावा म्हणून असते. पेशी कोमट राहिल्या तर फॉस, जून यांसारखी तातडीची जनुकं काही मिनिटांत चालू होतात, आणि मग मोजलं जातं ते आपल्याच हाताळणीमुळे झालेलं.

प्रयोगशाळेत पहिलं काम मेंदूवरची पातळ आवरणं सोलून काढण्याचं. हे काम चिवट आहे, चिमट्याने तुकड्यातुकड्याने करावं लागतं. आवरणात मोठ्या वाहिन्या असतात, त्यांचा स्वभाव वेगळा. त्या राहिल्या तर पुढचे सगळे आकडे वाकडे येतात. उरलेला करडा भाग काचेच्या होमोजिनायझरमध्ये हलक्या हाताने वर-खाली करायचा. पेशी फुटाव्यात, पण वाहिन्या तुटून चुरा होऊ नये. दांडा किती दाबायचा हे कुठल्याही प्रोटोकॉलमध्ये नीट लिहिता येत नाही, ते मनगटालाच कळतं.

मग डेक्स्ट्रानचं दाट द्रावण मिसळून ४ अंशांवर सेंट्रिफ्यूज. चेतातंतूंवरचं चरबीचं वेष्टण, म्हणजे मायलिन, हलकं; त्याचा पांढरा थर वर येतो; वाहिन्या तळाशी बसतात. तो थर काढताना तळ हलला की सगळं पुन्हा एक होतं. तळ ४० मायक्रॉनच्या जाळीवर ओतून धुवायचा: सुट्या पेशी आणि केंद्रकं खाली जातात, वाहिन्या वर अडकतात. धुण्याच्या पाण्यात अल्ब्युमिन घातलेलं असतं, नाहीतर वाहिन्या प्लास्टिकलाच चिकटून बसतात. योओ आणि कार्नुशिना यांनी १९७३ साली उंदरांच्या मेंदूतून केशवाहिन्या वेगळ्या करण्याची रीत प्रसिद्ध केली. तेव्हापासून द्रावणं आणि जाळ्या बदलत गेल्या. सूक्ष्मदर्शकाखाली फाटे फुटलेल्या नळ्या दिसतात, काहींत रक्तपेशी अजून ओळीने अडकलेल्या. ते दृश्य इतकं स्वच्छ असतं की त्यावर विश्वास ठेवण्याचा मोह होतो.

आरएनए काढल्यावर स्पेक्ट्रोफोटोमीटर २६०/२८० चं गुणोत्तर देतो. ते २ च्या आसपास आलं की नवीन विद्यार्थी "सँपल प्युअर आहे" म्हणून वहीत लिहून मोकळा होतो. मला इथे दरवेळी थांबवावं लागतं. हा आकडा सांगतो की आरएनएत प्रथिनं फारशी नाहीत. तो आरएनए कुणाचा, हे त्याला ठाऊक नसतं. चेतापेशींनी भरलेल्या सँपललाही २ मिळतात.

ते विचारायचं क्यूपीसीआरच्या यंत्राला, आणि तेही सबंध मेंदूचं सँपल शेजारी ठेवून. वाहिन्यांच्या आतल्या अस्तराची खूण क्लॉडिन-५. भोवतीच्या पेरिसाइटची पीडीजीएफआर-बीटा. ही चढायला हवीत. चेतापेशींची न्यूएन आणि मायलिनची एमबीपी उतरायला हवीत. यंत्रात दर फेरीला माल साधारण दुप्पट होतो; म्हणून क्लॉडिन-५ सबंध मेंदूपेक्षा ५ फेऱ्या आधी दिसलं तर ते सुमारे ३२ पट दाट झालं. हे गणित संदर्भ-जनुक स्थिर असेल तरच खरं. मेंदू आणि वाहिन्या ही दोन निराळी ऊतकं. जीएपीडीएच या एकाच संदर्भ-जनुकावर भिस्त ठेवणं मला पटत नाही. एमबीपीकडे जास्त डोळे लावावे लागतात, कारण तिचा आरएनए पेशीच्या केंद्रकाजवळ न राहता मायलिनपर्यंत वाहून नेला जातो. मायलिनचा थर काढताना जरा कुचराई झाली की ती एमबीपीच्या आकड्यातच दिसते.

खरा पेच ॲक्वापोरिन-४ चा. हे अ‍ॅस्ट्रोसाइटचं जनुक; म्हणजे भेसळ, असं वाटतं. पण अ‍ॅस्ट्रोसाइटचे पाय वाहिनीला वेढून बसलेले असतात, आणि हा आरएनए त्या पायांतही असतो. वाहिनी उपटली की पायही तुटून सोबत येतात. त्यामुळे चांगल्या सँपलमध्ये ॲक्वापोरिन-४ कमी होत नाही, कधीकधी वाढतंच. ते शून्यावर आणायला एन्झाइमने पेशी सुट्या कराव्या लागतात, आणि मग फॉस-जूनची भीती परत येते. मी ते पाय राहू देतो. निकालाच्या तक्त्यात क्लॉडिन-५ शेजारी ॲक्वापोरिन-४ आणि एमबीपीचा आकडा छापायचा, आणि एबीसीबी-१ वर बोलायचं ते त्यानंतर. एमबीपी उतरली नसेल, तर २६०/२८० कितीही देखणं असो, ती बॅच टाकून द्यायची.