रेघ कुठून सुरू केलीस?

मी नववीत असताना दहावीच्या एका दृष्टिहीन मुलाचा लेखनिक म्हणून बीजगणिताच्या पेपरला बसलो होतो. तो म्हणाला, ‘‘दोन एक्स अधिक तीन, भागिले पाच.’’ मी लिहिलं आणि तीनखाली छोटीशी रेघ ओढून तिच्याखाली पाच मांडले. पेनाचा आवाज थांबला तसं त्याने विचारलं, ‘‘रेघ कुठून सुरू केलीस?’’

‘‘तीनखालून.’’

‘‘दोनच्या आधीपासून ओढ.’’

सेंटिमीटरभर रेघ वाढली आणि गणितच बदललं. आधी फक्त तीनला पाचने भागलं जात होतं, आता सगळ्या राशीला. कागद त्याला दिसत नव्हता, तरी त्यावरच्या रेघेची लांबी तो डोक्यात धरून होता.

पुढच्या पायरीत तो ‘वजा’ऐवजी ‘अधिक’ म्हणून गेला. मला कळलं. पण लेखनिकाने ऐकलेलंच लिहायचं असतं. सुचवायचं नाही, अडखळायचंही नाही. मी ‘अधिक’ लिहिलं. तीन पायऱ्या पुढे गेल्यावर तो म्हणाला, ‘‘वरून वाच.’’ मी वाचत गेलो आणि बरोबर त्या ‘अधिक’पाशी त्याने मला थांबवलं. खोडलं, पुन्हा लिहिलं. स्वतः लिहिणाऱ्याची नजर वरच्या ओळीवर क्षणात जाऊन येते. तेवढ्याचसाठी आमची काही मिनिटं गेली.

जादा वेळ कशासाठी लागतो, ते मला त्या बाकावर समजलं. परीक्षांसाठी केंद्र सरकारने २९ ऑगस्ट २०१८ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हा वेळ ताशी किमान २० मिनिटं ठरवला होता. दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं, तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. प्रश्न तेच, गुणदानही तेच. सांगणं, ऐकणं, वाचून घेणं, दुरुस्त करणं या फेऱ्यांत जो वेळ जातो, तेवढाच भरून मिळतो.

आपल्याकडे याला सरसकट ‘सवलत’ म्हणतात, एसटीच्या अर्ध्या तिकिटासारखं. मला तो शब्द खटकतो. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याने दिलेली वाजवी सोयीची व्याख्या मी पहिल्यांदा वाचली तेव्हा थक्क झालो होतो. इतरांच्या बरोबरीने हक्क वापरता यावा म्हणून करायचे आवश्यक आणि योग्य ते बदल, समोरच्यावर अवाजवी बोजा न टाकता, ‘त्या विशिष्ट प्रकरणात’. हे शेवटचे तीन शब्द किती मोठे आहेत! या व्याख्येत सोयींची ठरलेली यादी नाही. समोर बसलेल्या या एका मुलाचं नेमकं कुठे अडतं, एवढंच ती विचारते. आणि अशी सोय नाकारणं हाच भेदभाव, असंही कायदा म्हणतो.

१९९५च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि लेखनिकाची तरतूद दृष्टिहीन व अल्पदृष्टी विद्यार्थ्यांपुरती होती. नव्या कायद्यात २१ प्रकार आले, त्यांत अध्ययन अक्षमताही आली. महाराष्ट्राने मात्र अशा मुलांच्या परीक्षेतल्या सोयींना १९९६ सालीच मान्यता दिली होती.

अध्ययन अक्षमतेतल्या डिस्लेक्सियात मुलाची बुद्धी शाबूत असते, डोळे ठीक असतात. आवाज आणि अक्षर यांची सांधेजोड मात्र मेंदूत सहज होत नाही. मराठीत ही जोड किती अवघड आहे, हे रोज लिहिणाऱ्या आपल्याला जाणवतही नाही. एक ‘र’ घ्या. ‘रवी’त तो सरळ उभा, ‘प्रेम’मध्ये पायाशी तिरकी काडी, ‘राष्ट्र’मध्ये ट खालची दुपाखी, ‘सूर्य’मध्ये डोक्यावरचा रफार, ‘दुसऱ्या’मध्ये बाजूला चिकटलेली चंद्रकोर. एकाच ध्वनीची पाच रूपं! त्यात ‘सूर्य’ म्हणताना र आधी येतो, पण लिहिताना तो य वर जाऊन बसतो. ‘किती’मधली पहिली वेलांटी क च्या आधी काढायची आणि नंतर उच्चारायची. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गुरुजी आणि स्वयंपाकी यांच्याएवढं अंतर आहे, आणि ते सगळं एका र च्या आकारावर टांगलेलं. जिची ही जोड कच्ची आहे, त्या मुलीला प्रकाशसंश्लेषण उत्तम समजलेलं असतं. उत्तरपत्रिकेवर तो शब्दच उतरत नाही. विज्ञानाच्या पेपरात तिचं विज्ञान तपासायचं की तिचे रफार?

हातांचंही तसंच. लोकसेवा आयोगाची परीक्षा देणाऱ्या एका उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके यायचे. वैद्यकीय मंडळाने त्याचं अपंगत्व मोजलं ६ टक्के. लेखनिक हवा तर ४० टक्के असायला हवेत, म्हणून त्याला नकार मिळाला. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लिहिण्यात खरी अडचण असेल, तर केवळ टक्का कमी म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही. पुढे १० ऑगस्ट २०२२ रोजी ४० टक्क्यांखालच्या उमेदवारांसाठीही केंद्राच्या वेगळ्या सूचना निघाल्या. टक्केवारी शरीराची मोजली होती. पेपर तर बोटांत अडला होता.

मग अशी सोय मागायची कशी? ‘माझ्या मुलाला सहकार्य करावे’ असा अर्ज मुख्याध्यापकांनाही कोड्यात टाकतो. काय अडतं आणि त्यावर काय हवं, दोन्ही लिहावं. फळा मागच्या बाकावरून दिसत नाही, म्हणून पहिला बाक आणि मोठ्या टाइपातली प्रश्नपत्रिका. बाई फळ्याकडे तोंड करून बोलल्या की ओठ दिसत नाहीत, म्हणून वर्गाकडे वळून बोलावं. आकडे उलटसुलट होतात, म्हणून साधा कॅल्क्युलेटर. सोबत दिव्यांग प्रमाणपत्राची किंवा ‘यूडीआयडी’ या दिव्यांग ओळखपत्राची प्रत. अर्ज दिल्यावर आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच मागून घ्यावी. तोंडी ‘बघू’ला कुठेच नोंद नसते. बोर्डाच्या परीक्षेचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो, म्हणून हे काम जानेवारीवर ढकलू नये. शाळा ऐकतच नसेल, तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागता येते.

शाळेबाहेरही हेच तत्त्व चालतं. गावाचं वाचनालय, नगरपालिकेचा पोहण्याचा तलाव, उन्हाळी शिबिर, सगळीकडे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. वाचनालयाच्या पायरीशी उतार हवा असेल, तर ग्रामसभेत हा निधी कुठे गेला, ते विचारावं.

कागदावर मिळालेली परवानगी खोलीत पोचेलच असं नाही, हेही खरं. १२ सप्टेंबर २०२१च्या ‘नीट’ परीक्षेत मुंबईतल्या एका केंद्रावर लेखनदोष असलेल्या विद्यार्थिनीला तिच्या हक्काचा जादा तास मिळालाच नाही. तीन तास होताच उत्तरपत्रिका काढून घेतली. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. पुन्हा परीक्षा झाली नाही, पण तिच्यावर झालेला अन्याय न्यायालयाने मान्य केला आणि तो कसा दूर करता येईल याचा विचार करायला परीक्षा घेणाऱ्या संस्थेला सांगितलं. म्हणून परवानगीपत्राची छापील प्रत हातात ठेवावी आणि बसण्याआधीच ती पर्यवेक्षकांना दाखवावी.

२०१८च्या त्या सूचनांमधलं एक कलम मला सगळ्यांत जवळचं वाटतं. लेखनिक परीक्षा घेणारी संस्था देणार असेल, तर परीक्षेच्या दोन दिवस आधी परीक्षार्थीला त्याला भेटून पारखून घ्यायची मुभा त्यात होती. आम्ही दोघं पेपरच्या दिवशी वर्गाच्या दारात पहिल्यांदा भेटलो होतो. दोन दिवस आधी भेटलो असतो, तर एका वहीवर दहा अपूर्णांक सोडवून पाहिले असते. ‘लांब रेघ’ म्हणजे सगळ्याखाली, ‘आखूड रेघ’ म्हणजे शेवटच्या आकड्याखाली, एवढं ठरवून टाकलं असतं. कंस उघडला की टेबलावर एक टिचकी, मिटला की दोन.