उशिराचे अपील आणि फाइलींचा प्रवास
लवादाचा निवाडा रद्द करून घ्यायचा तर तो हाती आल्यापासून तीन महिने, वर फार तर ३० दिवस. पुढे दार बंद. त्या अर्जाच्या निकालावरील अपिलाचे काय? व्यापारी दाव्यांत त्याला ६० दिवस. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथेही १२० दिवसांचे कुंपण घातले. मार्च २०२१ मध्ये, महाराष्ट्राच्या जलसंपदा खात्याच्या प्रकरणात, ते काढले: सबळ कारण असेल तर थोडा उशीर माफ, पण अपवाद म्हणूनच. गंमत अशी की, खुद्द खात्याला त्याचा लाभ झाला नाही! उशीर १३१ दिवसांचा. सबब नेहमीचीच, इकडची फाइल तिकडे. सरकारी पक्षकार म्हणून वेगळी सवलत मिळाली नाही, हे बरेच झाले. पलीकडचा कंत्राटदारही पैशाची वाट पाहत असतोच.