भोंगा, पण दिवाणखान्यातला

भोंगा म्हटला की डोळ्यांसमोर येतो तो प्रचाराच्या रिक्षावर बांधलेला, कान किटवणारा पत्र्याचा भोंगा. तोच प्रकार लाकडात घडवून दिवाणखान्यात ठेवायचा आणि त्यावर निवांत ख्याल ऐकायचा, ही कल्पना ऐकताना विक्षिप्त वाटते. पण जपान, फ्रान्स, अमेरिका इथल्या हौशी मंडळींनी हा उद्योग वर्षानुवर्षं मनापासून केला आहे. रिक्षावरच्या भोंग्याच्या कर्कशपणात आकाराचा दोष फारसा नसतो. तो बनवलेलाच असतो बोलणं लांबवर पोचवण्यापुरता. त्यात पत्रा स्वतः थरथरतो आणि ॲम्प्लिफायर शेवटपर्यंत पिळलेला असतो.

घरातल्या साध्या स्पीकरला दिलेल्या विजेपैकी जेमतेम एक टक्का आवाजाच्या रूपाने बाहेर पडते, बाकीची उष्णता होऊन जाते. स्पीकरचा पडदा हवेला ढकलतो खरा, पण मोकळी हवा दाबली न जाता बाजूने निसटते. बांधावरून हाक मारणारा माणूस तोंडाभोवती तळवे धरतो, तेव्हा तो हीच गळती थांबवत असतो. भोंग्याच्या अरुंद गळ्यात हवेला निसटायला जागाच नसते; तिथला मोठा दाब हळूहळू रुंदावत बाहेरच्या हवेशी जुळवून घेतो. मग एक टक्क्याच्या जागी दहा, वीस, कधी त्याहूनही अधिक टक्के पदरात पडतात. आकड्यांत सांगायचं तर एका वॉटवर, एक मीटर अंतरावर साधा स्पीकर ८७ डेसिबल देत असेल, तर भोंग्याचा ड्रायव्हर, म्हणजे गळ्यामागे बसणारा आवाज काढणारा भाग, १०७ देऊ शकतो. हा २० डेसिबलचा फरक म्हणजे शंभरपट शक्ती. म्हणूनच ३००बी या जुन्या व्हॉल्व्हचा आठ वॉटचा ॲम्प्लिफायरही या मंडळींना भरपूर होतो.

यातलं गणित शंभर वर्षांहून जुनं आहे. विजेवरचं ध्वनिमुद्रण १९२५च्या सुमारास आलं. त्याआधी गायक-गायिका कर्ण्यात तोंड घालून गात आणि घरी ती तबकडी कर्ण्यातूनच वाजे. वेबस्टर या भौतिकशास्त्रज्ञाने १९१९मध्ये भोंग्याचं समीकरण मांडलं, १९२४मध्ये हॅना आणि स्लेपियन या इंजिनिअरांनी भोंगा नेमका कसा रुंदावावा याचा हिशेब दिला. बोलपटांच्या पहिल्या लाटेत, १९२६पासून, वेस्टर्न इलेक्ट्रिकने अमेरिकेतल्या थिएटरांत लाकडाचे वळलेले प्रचंड भोंगे बसवले. सगळं प्रेक्षागृह भरून टाकायला त्यांना मोजके वॉट पुरत.

घरी करायचा तर सुरुवात कागदावर. समजा, ३०० हर्ट्झच्या वरचा आवाज सांभाळायचा आहे, म्हणजे खर्ज आणि डग्ग्याची घुमक सोडून गाण्याचा बराचसा भाग. आवाजाचा हवेतला वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. भागाकार केला की या स्वराची लाट १ मीटर १४ सेंटिमीटरची निघते. भोंग्याच्या तोंडाचा परीघ साधारण तेवढा हवा, म्हणजे व्यास ३६ सेंटिमीटर. मागचा गळा एक इंचाचा, कारण बाजारात सहज मिळणाऱ्या ड्रायव्हरचं तोंड तेवढं असतं. मधलं रुंदावणं चक्रवाढ हिशेबाने: दर ६.३ सेंटिमीटरला आतलं क्षेत्रफळ दुप्पट. एकूण लांबी ४८ सेंटिमीटर भरते. याला शाळेतलं लॉगॅरिदम पुरतं.

आता १८ मिलिमीटरचा प्लायवूड. अशा २७ चकत्या कापून एकावर एक चिकटवल्या की लांबी पुरी होते. प्रत्येक चकतीचं भोक आधीच्यापेक्षा व्यासाने दहा टक्के मोठं: पहिलं २५ मिलिमीटर, मग २८, मग ३१. गळ्याशी वाढ तीन मिलिमीटरचीही नाही, तोंडाशी मात्र एका चकतीत जवळजवळ साडेतीन सेंटिमीटरची उडी. फेव्हिकॉल लावायचा, शिकंजे आवळायचे, रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी आतून दिसते ती पायऱ्यांची विहीर. या पायऱ्या घासून सलग उतार काढणं हेच खरं काम. लेथ असेल तर सोपं, नसेल तर कानस, पॉलिश पेपर आणि पुठ्ठ्याचा फर्मा. प्लायवूडच इथे मदतीला येतो. त्याच्या थरांच्या गडद रेषा आतल्या अंगाला गोल गोल दिसू लागतात. एखाद्या जागी घासणं जास्त झालं की तिथली रेषा वाकडी होते. डोळ्याला चूक लगेच कळते. गळ्याशी तर ड्रायव्हर आणि लाकूड यांच्यात नखाला लागेल एवढीही धार राहू द्यायची नाही, कारण वरच्या स्वरांच्या लाटा दोन-तीन सेंटिमीटरच्याच असतात. प्लायवूडऐवजी एमडीएफ वापरला तर धुळीसाठी चांगला मास्क हवाच. ती धूळ फुप्फुसांना वाईट.

शिसवाचा भोंगा जास्त गोड वाजतो, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. त्यांचं फार मनावर घेऊ नये. भोंग्यात वाजते ती हवा. लाकडाने गप्प उभं राहायचं असतं. भिंत जाड असावी, बोटाने ठोकली तर ठस आवाज यावा, एवढं पुरे. शिसव सुंदर दिसतं, हे मात्र खरं.

खरी अडचण खर्जाची. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटरची, म्हणजे तोंडाचा व्यास पावणेतीन मीटरच्या आसपास. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये १९२९ साली डेनमन यांनी असा एक २७ फुटी भोंगा उभारला होता. तो १९४९मध्ये बांधकामात मोडला आणि २०१४मध्ये पुन्हा घडवून लोकांना ऐकवला गेला. घरापुरता तोडगा पॉल क्लिप्श या अमेरिकन इंजिनिअरने काढला. भोंगा घड्या घालून लाकडी कपाटात बसवायचा आणि कपाट खोलीच्या कोपऱ्यात सारायचं. दोन भिंती आणि जमीन मिळून भोंग्याचा पुढचा भाग होतात, आणि तोंड आठव्या हिश्शावर येतं. १९४६मध्ये आर्कान्सासमधल्या होप गावी त्याने कंपनी काढली. क्लिप्शहॉर्न आजही बनतो. मुंबईच्या वन-बीएचकेतही कोपरे असतात, पण एकात फ्रिज आणि दुसऱ्यात बाल्कनीचं दार.

तेव्हा हौशी माणसाने मधल्या स्वरांचा भोंगा करावा आणि ३०० हर्ट्झच्या खाली नेहमीचा वूफर ठेवावा. भोंग्याचा ड्रायव्हर तोंडापासून ४८ सेंटिमीटर आत असल्याने त्याचा आवाज जवळजवळ दीड मिलिसेकंद उशिरा पोचतो. त्यासाठी वूफरची पेटी तेवढी मागे सरकवायची किंवा डिजिटल क्रॉसओव्हरमध्ये विलंब द्यायचा. ड्रायव्हरच्या वायरीत कपॅसिटर विसरायचा नाही, नाहीतर खालच्या स्वरांच्या धक्क्याने नाजूक पडदा फाटतो. आणि एक तयारी मनाची. पहिल्यांदा बटण दाबल्यावर गाण्याआधी ऐकू येते ती ॲम्प्लिफायरची सुरसुर आणि अर्थिंगची घरघर. साध्या स्पीकरवर ती कधीच जाणवलेली नसते. पुढचा रविवार मग सुतारकामाऐवजी वायरी तपासण्यात जातो.