दुखलं नाही, म्हणजे विष नाही?

पावसाळ्यात शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला माणूस पहाटे पोट धरून उठतो. अंगावर सूज नाही, रक्त नाही. घरचे म्हणतात, पित्त झालं असेल, ओवा द्या. तासा-दोन तासांत त्याच्या पापण्या मिटू लागतात, थुंकी गिळता येत नाही, बोलणं नाकातून येतं. हा बहुधा मण्यारीचा दंश असतो.

मण्यारीचे दात बारीक. दंश इतका हलका की झोपलेल्याला जागही येत नाही, खूण तर शोधूनही सापडत नाही. ‘दुखलं नाही, म्हणजे साप बिनविषारी’ हा हिशेब इथंच फसतो. तांबड्या विंचवाचं उलट. ठणक्यानं माणूस किंचाळतो, पण जीव जातो तो हृदय आणि फुप्फुसांवरच्या परिणामानं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी हेच ओळखून प्राझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध विंचूदंशावर वापरलं.

कडुलिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर विष नाही म्हणे! मण्यारीच्या विषाला जिभेच्या चवीशी देणंघेणं नाही. मेंदूचा निरोप मज्जातंतूकडून स्नायूला जिथं मिळतो, ती टोकंच ते निकामी करतं. गिळता न येणाऱ्याच्या घशात तो पाला अडकला, तर आणखी एक संकट.

आणि मंत्रानं विष उतरवणाऱ्या भगताचा गुण? बरेचसे साप बिनविषारी असतात, विषारी सापही दरवेळी विष सोडतोच असं नाही. ज्यांना काही होणारच नव्हतं, ते सगळे भगताच्या खात्यावर जमा होतात.

सर्वात महागात पडणारा गैरसमज मात्र पुढचा आहे. श्वास थांबला, बाहुल्या उजेडाला हलत नाहीत, चिमटा काढला तरी हालचाल नाही, म्हणजे ‘गेला’. मण्यारीच्या दंशात हे सगळं दिसूनही मेंदू शाबूत असू शकतो. लुळे पडलेले असतात ते स्नायू. प्रतिसर्पविष फक्त रक्तात फिरणारं विष निकामी करतं. मज्जातंतूंची बिघडलेली टोकं दुरुस्त करत नाही. ती शरीर हळूहळू पुन्हा घडवतं, त्याला काही दिवस, कधी आठवडे लागतात. तोवर श्वास चालवायचा तो व्हेंटिलेटरनं.

मग अशा रुग्णाला ‘ब्रेन डेड’ ठरवून अवयव काढले तर? ही भीती खेड्यात आहे, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण 1994च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याची प्रक्रिया यासाठीच कडक आहे. चार डॉक्टरांचं मंडळ, किमान 6 तासांच्या अंतरानं दोनदा चाचण्या, आणि त्याआधी मेंदू का निकामी झाला त्याचं ठोस कारण. विष, औषधं किंवा स्नायूंचा लुळेपणा यांमुळे तसं भासत असेल, तर मेंदूमृत्यू जाहीर करता येत नाही. कुटुंबाच्या संमतीशिवाय अवयवही घेता येत नाहीत.

पहाटेची पोटदुखी आणि जड पापण्या एकत्र दिसल्या, तर करकचून दोरी बांधू नका, चिरा देऊ नका. 108 ला फोन करा, शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय गाठा, आणि ‘रात्री जमिनीवर झोपला होता’ हे डॉक्टरांना आठवणीनं सांगा. पुढं व्हेंटिलेटर लागला, तर रुग्णाच्या उशाशी उभं राहून अंत्यविधीच्या तयारीची बोलणी करू नका. त्याला ऐकू येत असू शकतं.