किती अंतरावरून खरे कळते?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मिलफर्ड गावी डॉ. फ्रँकलिन मान नावाचे गृहस्थ होते. शिक्षणाने वैद्य, पण आयुष्याची कित्येक वर्षे त्यांनी एकाच प्रश्नाला दिली : नेम तोच, बंदूक तीच, तरी गोळ्या वेगवेगळ्या जागी का लागतात? त्यांनी काँक्रीटचा भक्कम चौथरा बांधून त्यावर नळी पक्की बसवली, वाटेत कागदाचे पडदे उभे केले आणि भोकांवरून गोळीचा मार्ग शोधला. 1909 साली त्यांचा ग्रंथ निघाला. त्यांच्या देशातले हौशी नेमबाज आजही त्याच प्रश्नाशी झगडत आहेत.

हे नेमबाज काडतुसे स्वतः भरतात. वापरलेल्या पितळी पुंगळीत नवा प्रायमर, तोलून घेतलेली दारू आणि वर गोळी. दारूचे वजन वा गोळी बसवण्याची खोली जराशी बदलली तरी परिणाम बदलतो. म्हणून चाचणी आलीच. प्रश्न एवढाच, की निशाण किती दूर ठेवायचे?

फार जवळ ठेवले तर फरक दिसत नाही. 100 यार्डांवर एका भरणीचा पुंजका 25 मिलिमीटरचा आणि दुसरीचा 20 चा असेल, तर 25 यार्डांवर दोहोंत जेमतेम सव्वा मिलिमीटरचे अंतर उरते. गोळीचे भोकच साडेसात मिलिमीटरच्या आसपास. भोके एकमेकांत मिसळतात आणि मोजायला काही राहत नाही. म्हणून 100 यार्ड, म्हणजे 91.44 मीटर, हे अंतर रूढ झाले. तेथे वाऱ्याचा उपद्रव थोडा आणि हिशेब सोपा : अंशाचा साठावा भाग म्हणजे सुमारे 2.66 सेंटिमीटर.

पण या सोयीतच एक फसगत आहे. समजा, एका गोळीचा वेग सेकंदाला 800 मीटर आणि दुसरीचा 790. हवेचा विरोध क्षणभर बाजूला ठेवू. 100 मीटर जाईपर्यंत पहिली सुमारे 7.7 सेंटिमीटर खाली येते, दुसरी तिच्याहून 2 मिलिमीटर जास्त. 25 मिलिमीटरच्या पुंजक्यात हे 2 मिलिमीटर कोणाला दिसणार? नेमातला कोनीय विखार अंतराच्या प्रमाणात वाढतो, गोळीचे खाली येणे मात्र अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. 600 मीटरवर पुंजका सहापट, म्हणजे 15 सेंटिमीटर होतो. पण वेगातल्या फरकाचे 2 मिलिमीटर छत्तीसपट, म्हणजे 7 सेंटिमीटर. हवेचा विरोध धरला तर त्याहूनही अधिक. जवळ लपलेला दोष दूर गेल्यावर उभ्या रेषेत उघडा पडतो.

मग सरळ 600 वरच चाचणी का घेऊ नये? कारण तेथे वारा गोळीला आडवे ढकलतो, आणि दोष भरणीचा की वाऱ्याचा हे सांगता येत नाही. म्हणून जाणकार दोन टप्पे करतात. 100 यार्डांवर भरण्यांची चाळणी, वेगमापकावर वेगाची नोंद आणि उरलेल्या एकदोन भरण्या प्रत्यक्ष वापराच्या अंतरावर. गोळ्याही पुरेशा हव्यात : दहा गोळ्यांचा पुंजका तीन गोळ्यांच्या पुंजक्यापेक्षा सरासरीने दीडपटीहून मोठा निघतो. तिनांवर निकाल देणारा बहुधा नशिबालाच गुण देतो.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, तो 50 मीटरचा. त्यातली पॉइंट टू-टू काडतुसे कोणी घरी भरत नाही. कारखान्याच्या वेगवेगळ्या लॉटमधून आपल्या रायफलला मानवणारा लॉट निवडतात. दहाचे वर्तुळ 10.4 मिलिमीटरचे. तेथे चाचणीचे आणि स्पर्धेचे अंतर एकच असल्याने हा पेच येत नाही.

शिकाऱ्याला मात्र येतो. 100 यार्डांवरचा सुरेख कागद खिशात ठेवून जो 400 यार्डांवरच्या हरणावर गोळी झाडतो, त्याच्या न केलेल्या चाचणीची किंमत ते हरीण जखमी होऊन मोजते. मोजमाप खोटे नसते. ते ज्या अंतरावर घेतले, तेवढ्यापुरतेच खरे असते.